विझली असे वाटलेली विडी

विडी-सिगारेटने घराला लागणारी आग बहुतेक वेळा ओढताना लागत नाही, ओढून झाल्यावर लागते. ओढणारा तोवर झोपलेला असतो, नाहीतर कामाला निघून गेलेला असतो. थोटूक गादीच्या घडीत, सोफ्याच्या फटीत किंवा केराच्या डब्यात पडलेले असते. तासभर कोणाला काही कळत नाही आणि मग खोली धुराने भरते. या एका गोष्टीवर नीट लक्ष दिले, तर पुढचे सगळे उपाय आपोआप सुचत जातात.

महाराष्ट्रात तंबाखू मळणारे जास्त आणि ओढणारे कमी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू खात असल्याचे सांगितले, तर ओढणारे ३.८ टक्केच होते. आकडा लहान दिसतो, पण एक माणूस ओढतो आणि त्या छताखाली चार-पाच जण झोपतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या माहितीनुसार तिथे धूम्रपानाने लागलेल्या घरगुती आगीत मरणाऱ्या दर चौघांपैकी एकजण स्वतः ती सिगारेट ओढणारा नसतो. तो शेजारी असतो, बायको असते, लेकरू असते. म्हणून हा लेख ओढणाऱ्यांइतकाच न ओढणाऱ्यांसाठीही आहे.

ज्योत नसलेली आग

सिगारेटचे टोक नुसते धुमसत असते तेव्हा त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते, झुरका घेताना ते ९०० च्या आसपास जाते. तरी निखारा इवलासाच. फरशीवर पडला तर काळा डाग पडतो, फार काही होत नाही. कापसावर पडला की गोष्ट वेगळी. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे निखाऱ्याला श्वास मिळतो आणि उष्णता मात्र बाहेर पडत नाही.

जुन्या गादीतला चिमूटभर कोरडा कापूस अंगणात लोखंडी तव्यावर ठेवून त्याला पेटती उदबत्ती टेकवली की हे डोळ्यांनी दिसते. (पाण्याची बादली शेजारी हवीच, आणि हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये.) भडका उडत नाही. कापसावर आधी तपकिरी कड उमटते, ती काळी होते आणि तिच्या पुढे केसाएवढी लाल रेघ सावकाश सरकू लागते. उदबत्ती उचलली तरी रेघ थांबत नाही. फुंकर मारली की ती लालभडक होते आणि वेगही वाढतो. धूर एवढा बारीक, की दोन हातांवरून पाहणाऱ्याला दिसणारही नाही.

गादीच्या पोटात हेच तासन् तास चालते. वर चादरीला हरभऱ्याएवढे भोक, आत ताटाएवढा काळा खड्डा. या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेत आपले नाकही मंद झालेले असते, म्हणून ‘जळाल्याचा वास आला की जाग येईलच’ या भरवशावर कोणी राहू नये. झोपलेला माणूस त्या वायूने आणखी गाढ झोपी जातो. बऱ्याच उशिराने गादीला ज्योत लागते, तेव्हा त्याला उठता येत नाही.

फोमच्या गादीची आणि सोफ्याची तऱ्हा निराळी. वरचे कापड किंवा आतले अस्तर आधी धुमसते, आणि फोमने एकदा ज्योत धरली की काही मिनिटांत खोलीत उभे राहणे अशक्य होते. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही असतो.

जाता जाता डासांच्या कॉइलबद्दलही सांगायला हवे. तीसुद्धा न विझता रात्रभर धुमसणारा निखाराच आहे, आणि आपण ती नेमकी पलंगाखाली सारतो, जिथे चादरीचे टोक लोंबत असते. विडीला लागू असलेला प्रत्येक नियम तिलाही लागू आहे.

विडी आणि सिगारेट

सिगारेट पेटवून बाजूला ठेवली तर ती शेवटपर्यंत जळत जाते. विडीचे तसे नाही. तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी दोन-चार झुरके चुकले की विझते. त्यामुळे विडी निर्धोक, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. तो पुरता खरा नाही. विझणारी विडी पुन्हा पेटवावी लागते, म्हणजे एका विडीला दोन-तीन काड्या, आणि प्रत्येक काडी कुठेतरी फेकली जाते. शिवाय अर्धी ओढलेली विडी टाकून देत नाहीत. ती कानावर, सदऱ्याच्या खिशात, उशीखाली, काडेपेटीच्या शेजारी जाते. वरून विझलेल्या विडीच्या पोटात तंबाखूचा एखादा कण लाल असू शकतो. वर ज्या उदबत्तीने कापूस पेटवला तिचे टोक त्याहून फार मोठे नसते.

परदेशात सिगारेटवरच इलाज केला गेला. कागदावर ठरावीक अंतराने जाडसर पट्ट्या दिल्या, की आग तिथवर पोचल्यावर हवा अपुरी पडते आणि कोणी झुरका घेत नसेल तर सिगारेट बऱ्याचदा विझते. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये अशाच सिगारेटी विकण्याची सक्ती केली, २००५ मध्ये कॅनडाने संपूर्ण देशात केली, आणि नोव्हेंबर २०११ पासून युरोपीय संघातही ती लागू झाली. आपल्याकडच्या पाकिटावर चित्रासह मोठा इशारा असतो, पण तो आरोग्याबद्दलचा. आगीबद्दल पाकीट गप्प आहे. तेव्हा कागदाच्या भरवशावर राहण्यापेक्षा आपले घरच सावध केलेले बरे.

एक ठिणगी, दोन मुंबया

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. आधी धुमसला तो कापूस. धूर दिसल्यावर बंबांनी पाणी मारायला सुरुवात केली, पण गाठींच्या पोटातली आग पाण्याला सापडेना. चारच्या सुमारास जहाज फुटले. शेकडो माणसे गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. कोणीतरी बेफिकिरीने टाकलेली सिगारेट कापसात पडली असावी, हे या आगीचे एक कारण सांगितले जाते. ठाम पुरावा मागे राहण्याचा प्रश्नच नव्हता. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह याच जवानांच्या स्मरणार्थ असतो.

दुसरी घटना अलीकडची. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. हुक्क्याचे निखारे उडून पडद्याला लागले, असा निष्कर्ष मुंबई अग्निशमन दलाच्या अहवालात निघाला. बहुतेक बळी धुराने गुदमरले होते. पुढच्याच वर्षी राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. सार्वजनिक जागांसाठी सरकारला कायदा करता येतो. घराच्या पलंगापर्यंत मात्र कोणताही कायदा पोचत नाही, तिथे घरच्यांनाच नियम करावा लागतो.

आपल्या शहरातली घरे

छत्रपती संभाजीनगरात घरांच्या तऱ्हा अनेक आहेत आणि प्रत्येकीचा धोका वेगळा आहे. गुलमंडी, राजाबाजार, नवाबपुरा, शहागंज या भागांत जुने वाडे उरले आहेत. त्यात सागवानी खांब, लाकडी जिने, माळवदाची छते. खाली दुकान किंवा गोदाम, वर संसार. जिन्याखाली खोकी, गोणपाट, जुनी रद्दी. वरच्या खोलीच्या खिडकीतून टाकलेले थोटूक या ढिगात पडले, तर आग लागणार ती नेमकी उतरण्याच्या वाटेवर. अशा गल्ल्यांत मोठा बंब शिरता शिरत नाही, पाइप लांबून ओढत आणावा लागतो.

वाळूज, बजाजनगर, वाळूजजवळचे पंढरपूर, चिकलठाणा या औद्योगिक पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एका खोलीत चौघे-पाचजण. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. अंथरुणाला अंथरूण भिडलेले, दोरीवर कपडे, कोपऱ्यात गॅस, दाराशी पेट्रोल भरलेली मोटारसायकल, खिडकी असली तर एक. रात्रपाळी करून सकाळी आलेला माणूस आडवा होऊन विडी पेटवतो आणि तिसऱ्या झुरक्याला त्याचा डोळा लागतो. तो बेपर्वा आहे असे मी म्हणणार नाही, तो थकलेला आहे. म्हणूनच ‘सावध राहीन’ या शब्दाचा इथे काही उपयोग नाही. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ‘खोलीच्या आत कोणी पेटवायची नाही’ एवढा एकच नियम करावा, आणि घरमालकांनी दाराबाहेर वाळूचा एक डबा ठेवून द्यावा. त्याला खर्च काहीच नाही.

सिल्लोड, फुलंब्री, पैठण, कन्नडकडच्या गावांत हंगामानंतर दुसरेच चित्र असते. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली आणि पाहुणे-रावळे, पोरेबाळे त्याच्याच कडेला झोपलेली. अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग, गोठ्यालगत कडब्याची गंज. त्या कापसात वर्षाची सगळी कमाई असते आणि तो पेटायला विडीचे एक थोटूक पुरते. घरात कापूस आहे तोवर उंबऱ्याच्या आत विडी नाही, काडी नाही, कॉइल नाही. पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याला हे सांगावे. गंज आणि पऱ्हाट्याही घराच्या भिंतीला लावून रचू नयेत.

उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे गेला की दोन धोक्यांची भर पडते. एक कूलरचा. त्याच्या जाळीतले गवत किंवा वाळा पाणी संपल्यावर सुकून काडीसारखा होतो, आणि आपल्याकडे पाणी संपते हे वेगळे सांगायला नको. कूलरच्या खिडकीशी उभे राहून ओढू नये. दुसरा धोका गच्चीवर झोपण्याचा. वारा थोटूक उडवतो, राखेतला लाल कण शेजारच्या अंथरुणावर नेतो आणि निखाऱ्याला फुंकरही घालतो.

ज्यांच्याकडे जास्त लक्ष हवे

दारू पिऊन पलंगावर सिगारेट ओढणे ही या विषयातली सर्वांत घातक जोडी आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधे यांचाही परिणाम तसाच होतो. हात थरथरणारे, कमी दिसणारे, अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना थोटूक कुठे पडले हे कळत नाही आणि कळले तरी उठता येत नाही. अशा माणसाने ओढायचा हट्टच धरला, तर ती ओढून विझेपर्यंत कोणीतरी शेजारी बसले पाहिजे.

कोविडनंतर बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. दम्याचा, फुप्फुसाच्या आजाराचा रुग्ण त्यावर असतो, आणि कित्येकदा त्या आजारामागे विडीच असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो आगीला वेड लावतो. नळीतून निघालेला ऑक्सिजन केसांत, मिशीत, पांघरुणात भरून राहतो. त्या अवस्थेत काडी ओढली तर चेहऱ्यावरच भडका उडतो. यंत्र बंद केल्यावरही लगेच पेटवणे सुरक्षित नाही. ज्या खोलीत ऑक्सिजन आहे तिथे विडी, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही नको.

त्वचेच्या आजारावर लावायच्या मलमांबद्दल ब्रिटनमध्ये अधिकृत इशारे दिले गेले आहेत. पॅराफिनचे, पेट्रोलियम जेलीचे मलम रोज लावले की ते कपड्यांत आणि चादरीत मुरते आणि असे कापड फार झपाट्याने पेटते. धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही.

थोटूक विझवायचे कसे

राखदाणी खोल, जड आणि रुंद बुडाची हवी. पत्र्याच्या जुन्या डब्यात निम्म्यापर्यंत वाळू किंवा पाणी घातले की झाले. कागदी कप, प्लास्टिकची वाटी, रिकामे पाकीट, सोफ्याचा हात यांना राखदाणी समजू नये. गॅलरीतल्या कुंडीत थोटूक खुपसण्याची सवय अनेकांना असते. कुंडीत माती असेल तर ठीक, पण हल्ली तिच्यात कोकोपीट असते. ते कोरडे झाले की कापसासारखेच आतल्या आत धुमसते.

थोटूक नुसते चिरडून भागत नाही, ते भिजले पाहिजे. केराच्या डब्यात टाकण्याआधी पाण्यात बुडवावे. काडी विझली की मोडून, बोटाला गार लागते का पाहून मगच टाकावी. अपार्टमेंटमध्ये खिडकीतून थोटूक उडवण्याची सवय तर सर्वांत वाईट. ते खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीवर, पत्र्यावर साचलेल्या पाचोळ्यात किंवा डक्टमधल्या कचऱ्यात पडते आणि आग दुसऱ्याच्या घरात लागते.

घरी कोणी ओढत असेल, पाहुणे येऊन गेले असतील, तर दिवे मालवण्यापूर्वी एकाने सोफ्याच्या फटीत आणि गादीच्या कडेने हात फिरवावा. लायटर आणि काडेपेट्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर असाव्यात. आणि गॅसचा वास आला तर विडी-काडी तर सोडाच, दिव्याचे बटणही दाबू नये. खिडक्या उघडून, रेग्युलेटर बंद करून बाहेर जावे आणि १९०६ वर फोन करावा.

घरातल्या मोठ्यांना सांगायचे कसे

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. साठ वर्षे विडी ओढणाऱ्या सासऱ्यांना सून काय सांगणार? ‘सोडून द्या’ म्हटले की वाद होतो, आणि वादानंतर माणूस चोरून ओढतो, म्हणजे पांघरुणाखाली. आगीच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. म्हणून सोडण्याचा विषय आणि जागेचा विषय वेगळे ठेवावेत. “बाबा, ओढायची तर ओढा, पण पलंगावर नको. दारात खुर्ची टाकली आहे, डबाही ठेवला आहे.” एवढे म्हणणे कुणालाही जमते, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात अपमान वाटत नाही. खुर्ची लाकडी किंवा प्लास्टिकची असावी, गादीची नको. चादरीवर, धोतरावर, सदऱ्यावर बारीक काळी भोके दिसू लागली तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. प्रत्येक भोक म्हणजे एक टळलेली आग असते.

गादीतून धूर येऊ लागला तर

आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढावे. ज्योत नसेल आणि धूर थोडाच असेल, तर भरपूर पाणी ओतावे. पलंगाशेजारी विजेचा बोर्ड असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येणाऱ्या आपल्या शहरात प्रत्येक घरी भरलेला ड्रम असतो. त्याच्याजवळ एक बादली कायमची असू द्या. वरवर पाणी शिंपडून गादी विझत नाही, आतला कापूस कोरडाच राहतो. पूर्ण चिंब झाल्यावरच ती बाहेर न्यावी, खोळ फाडून कापूस विस्कटावा, पुन्हा भिजवावा आणि ती रात्रभर उघड्यावरच राहू द्यावी. ‘विझली’ म्हणून परत आत आणलेली गादी पहाटे पुन्हा पेटते.

धुमसती गादी कोरडीच ओढत जिन्यातून नेऊ नये. वारा लागून ती मध्येच भडकते आणि सुटकेची वाट तीच अडवून बसते. ज्योत दिसली तर गादीच्या नादी न लागता बाहेर पडावे, खोलीचे दार मागे ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. थांबून, जमिनीवर पडून, लोळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यातले काहीही लावू नये, चिकटलेला कपडा ओढू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट घाटी रुग्णालय गाठावे.

छावणीने शिकवलेले

३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास शहरातल्या छावणी भागातल्या दाणाबाजारात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. ती आग विडी-सिगारेटची नव्हती, चार्जिंगला लावलेल्या वाहनाचा प्राथमिक संशय होता. पण कारण काहीही असो, रात्रीची आग माणसाला कशी गाठते हे त्या पहाटे शहराने पाहिले. ज्वाळा वर पोचण्याआधी धूर पोचला आणि सातही जण गुदमरून गेले.

म्हणून धूर ओळखणारा अलार्म ही चैन समजू नये. बॅटरीवर चालणारे छोटे अलार्म आता सहज मिळतात. झोपायच्या खोलीबाहेर, छताला लावावा. स्वयंपाकघरात नको, फोडणीच्या धुराने तो रोज वाजेल आणि वैतागून कोणीतरी काढून ठेवील. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा.

अलार्मइतकीच महत्त्वाची बाहेर पडण्याची वाट. चोरांच्या भीतीने आपण प्रत्येक खिडकीला ग्रील ठोकतो. किमान एका ग्रीलला उघडणारे दार करून घ्यावे, त्याची आणि मुख्य दाराची किल्ली अंधारातही हाताला लागेल अशा ठरलेल्या जागी असावी. धुरातून जाताना सरपटत, जमिनीलगत जावे, तिथे हवा थोडी बरी असते. बंब बोलावताना पत्त्याबरोबर जवळची ठळक खूण सांगावी आणि एकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्रातून निघालेली गाडी जुन्या शहराच्या गल्लीत चुकली तर जाणारी मिनिटे परत मिळत नाहीत.

आणि ज्यांना विडी-सिगारेट सोडायचीच आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. क्रमांक १८००-११-२३५६. तो पाकिटावरच छापलेला असतो.